रात्रीच्या नाटकाला निघताना


गडब गावाहून मुंबईला नाटक बघायला जायचंय?
मग आधी परतीचं ठरवा.

दादरचं शिवाजी मंदिर 1965 पासून नाटकवेड्यांचं हक्काचं ठिकाण.
पण रात्रीचा प्रयोग उशिरा संपतो.
परतीच्या वाटेवर वडखळ गाठेपर्यंत मध्यरात्र उलटते.
म्हणून चार घरं मिळून गाडी करा.
नाहीतर रविवारचा दुपारचा प्रयोग धरा.

जवळचाही पर्याय आहे.
वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह.
पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह.
मुंबईची नाटकं तिथंही लागतात.
मला विचाराल, तर पहिल्यांदा पनवेलच गाठा.

वर्तमानपत्रात जाहिरात पाहा.
तिकिटं आधीच काढा.
सोबत आजी-आजोबा असतील, तर बाल्कनी नको.
जिने चढताना त्यांची दमछाक होते.

तिसरी घंटा झाली, की पडदा उघडतो.
त्याआधी खुर्चीत बसा.
मोबाईल बंद ठेवा.
शिवाजी मंदिरात गेलात, तर मध्यंतरातला बटाटेवडा चुकवू नका.
गरमागरम असतो, आणि गर्दीही तेवढीच असते.

पुन्हा सांगते, परतीचं आधी ठरवा.
प्रयोग कधी संपणार, ते चालकाला सांगून ठेवा.
गाडी कुठे उभी राहील, तेही विचारून घ्या.