साडेपाच तासांचा फरक

अब्बा गेले ते पहाटे तीनला, शेवगावच्या घरी. उशाशी बसून चार ओळी संगणकात टिपल्या. भाच्यानं मला कवितांची वही करून दिली होती. ओळी ठेवल्या की खाली तारीख-वेळ आपोआप उमटायची. उमटली आदल्या दिवसाची, रात्री साडेनऊ! साडेनऊला तर अब्बा पाणी मागत होते.

भाचा ओशाळला. म्हणाला, "मामू, पायथॉनमध्ये ‘नाऊ’ म्हटलं की यंत्र स्वतःचं घड्याळ सांगतं. ही वही ज्या यंत्रावर आहे, ते जागतिक वेळेवर लावलेलं. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ते मोजतं. त्यात आपले साडेपाच तास मिळवायला मी विसरलो."

तसं पाहिलं तर दोन तारखा आपल्याला नव्या नाहीत. पेशवाईतल्या मोडी पत्रांत ‘छ’, म्हणजे चंद्र, लिहून पुढे रजब किंवा साबान येतो. त्या हिशेबानं तारीख मगरिबलाच बदलते. म्हणजे अब्बांचा नवा दिवस केव्हाच लागला होता, आणि यंत्र अजून कालच्यातच!

भाच्यानं दुरुस्ती केली. "जुनी नोंदही बदलू?"

नको म्हटलं. कागदावर छापून घेतली आणि खाली हातानं लिहिलं: पहाटे तीन, शेवगाव.