टेबलाभोवतीची माणसं



हृदयशस्त्रक्रियेवर मराठीत जे लिहून येतं ते बहुतेक रुग्णाचं असतं, नाहीतर सर्जनचं. रुग्णाच्या लेखात छातीत कळ येते, मध्यरात्री रिक्षा मिळत नाही, डॉक्टर देवासारखे भेटतात आणि शेवटी लेखक रोज चार किलोमीटर चालू लागतो. सर्जनच्या आत्मकथनात गरिबीतलं शिक्षण असतं, परदेशवारी असते आणि सगळ्यांनी हात टेकलेली एक केस असते. दोन्ही वाचनीय. पण दोन्हीकडे ऑपरेशन थिएटरमध्ये जणू एकच माणूस उभा असतो. प्रत्यक्षात ओपन हार्ट शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती सात-आठ जण असतात आणि त्यांतल्या एकाचा जरी हात चुकला तरी सर्जनचं सगळं कसब पाण्यात जाऊ शकतं. आजचं भाषण त्या बाकीच्यांसाठी आहे.

आधी एक नेहमीचा घोळ निस्तरू. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना "ऑपरेशन कोण करणार?" असं विचारलं, तर अनेकजण कार्डिऑलॉजिस्टचं नाव सांगतात. कार्डिऑलॉजिस्ट हा एमडी मेडिसिन आणि मग डीएम झालेला असतो. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून तो अँजिओग्राफी करतो, फुगा फुगवून स्टेंट बसवतो. छाती उघडणारा सर्जन एमएस आणि मग सीव्हीटीएसमधलं, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या आणि छातीच्या शस्त्रक्रियेतलं, एमसीएच करून आलेला असतो. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएसची तीन, एमसीएचची तीन. प्रवेशपरीक्षांत गेलेली वर्षं कुणी मोजत नाही. तिशी उलटली तरी हा माणूस अजून वरिष्ठांच्या समोर, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा असतो. १६ सप्टेंबर १९७७ला झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हापासून या दोघांच्या हद्दीचा बांध सतत सरकतो आहे. चांगल्या ठिकाणी दोघं एकत्र बसून ठरवतात. मधुमेही रुग्णाच्या तिन्ही रक्तवाहिन्या तुंबलेल्या असतील, तर बहुधा बायपासचं पारडं जड ठरतं. हे ठरवताना दोघांत काय बोलणं झालं, एवढं जरी नातेवाइकांनी विचारलं तरी पुष्कळ.

आता थिएटरमध्ये शिरू. भूलतज्ज्ञ रुग्णाला झोपवतो, मानेच्या शिरेत आणि मनगटाच्या धमनीत नळ्या घालतो. एक सहायक बायपाससाठी पायातली शीर काढायला घेतो. सर्जन छातीचं मधलं हाड करवतीनं उभं कापतो, आणि करवत चालू असते त्या काही क्षणांपुरता भूलतज्ज्ञ श्वास देणारं यंत्र थांबवतो, म्हणजे फुगलेली फुप्फुसं पात्याखाली येत नाहीत. मग रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन. त्याचा परिणाम मोजून आकडा हवा तिथे पोचल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. सर्जन म्हणतो, "पंप ऑन." हृदय-फुप्फुस यंत्रापाशी बसलेला माणूस तेच शब्द पुन्हा उच्चारतो. ही ऐकल्याची पोच आहे. या खोलीत गृहीत धरण्याला जागा नसते.

तो माणूस म्हणजे परफ्युजनिस्ट. पुढचा तास-दीड तास रुग्णाचं हृदय आणि फुप्फुस दोन्ही त्याच्या पुढ्यातल्या यंत्रात असतात. महाधमनीला चिमटा लागतो, पोटॅशियम घातलेलं द्रावण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडलं जातं आणि मॉनिटरवरची रेघ सपाट होते. सिनेमात अशा वेळी वाद्यं थांबतात. इथे कुणी मानही वर करत नाही, कारण ती रेघ सपाट व्हावी म्हणूनच एवढा खटाटोप केलेला असतो. सर्जन भिंगाचा चष्मा लावून, दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या धमनीला केसाइतक्या बारीक धाग्यानं नवी वाहिनी जोडत असतो, तेव्हा परफ्युजनिस्टची नजर रक्ताच्या टाकीतल्या पातळीवर असते. पातळी फार खाली गेली आणि नळीत हवा शिरली, तर ती मेंदूपर्यंत पोचू शकते. आपल्याकडे बायपास पुष्कळदा पंपाशिवाय, धडधडत्या हृदयावरच केली जाते. तेव्हाही हा माणूस यंत्र तयार ठेवून बसलेला असतो. आपल्या कथा-कादंबऱ्यांत तो अजून फारसा फिरकलेला नाही.

ते यंत्रही एकट्याचं नव्हे. जॉन गिबन यांनी १९३०च्या दशकात ते बांधायला घेतलं, तेव्हा प्रयोगशाळेत त्यांच्या जोडीला पत्नी मेरी होत्या. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र या यंत्राच्या जिवावर बुजवलं गेलं आणि ती वाचली. नंतरचे रुग्ण मात्र दगावले, तेव्हा गिबन यांनी आपणहून हे काम थांबवलं. ते पुढे नेलं इतरांनी.

आणि त्याच्याही आधीचं बाल्टिमोर. २९ नोव्हेंबर १९४४. जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये टेबलावर पंधरा महिन्यांची निळी पडलेली मुलगी होती. तिच्या फुप्फुसांकडे पुरेसं रक्तच जात नव्हतं. सर्जन होते आल्फ्रेड ब्लॅलॉक. अशा मुलांच्या फुप्फुसांना रक्ताची नवी वाट काढून द्यावी, ही कल्पना मांडणाऱ्या होत्या हेलन टॉसिग. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे त्या बाळांच्या छातीवर बोटं ठेवून हृदयाची तपासणी करत. ब्लॅलॉक यांच्या मागे, उंचीसाठी ठेवलेल्या स्टुलावर एक कृष्णवर्णीय गृहस्थ उभे होते, व्हिव्हियन थॉमस. सुतारकाम शिकलेले, डॉक्टर होण्यासाठी साठवलेले पैसे महामंदीत बँकेबरोबर बुडालेले. ही शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत कुत्र्यांवर त्यांनीच पुनःपुन्हा करून बसवली होती, हत्यारंही त्यांनीच लहान मुलांच्या मापाची करून घेतली होती. टाका कुठल्या दिशेनं घ्यायचा, हे ब्लॅलॉक मान वळवून त्यांना विचारत होते.

पगारपत्रकात थॉमस यांची श्रेणी सफाई कामगाराची होती. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधावर ब्लॅलॉक आणि टॉसिग अशी दोनच नावं आली आणि पुढे कित्येक वर्षं ही शस्त्रक्रिया त्या दोघांच्याच नावानं ओळखली गेली. ज्याच्याकडून पुढे नावारूपाला आलेले सर्जन टाके घालायला शिकले, त्याला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली, आणि तीही कायद्यातली. वैद्यकातली देण्याचा मार्ग म्हणे नियमात बसत नव्हता! नियमांची ही आठवण १९४४ साली, त्यांना स्टुलावर उभं करताना कुणाला झाली नाही.

आपल्या मुंबईकडे येऊ. ३ डिसेंबर १९६७ला केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं आणि अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८मध्ये, परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूनं ते केलं. जगातलं ते सहावं. महापालिकेच्या हॉस्पिटलात, कुत्र्यांवरच्या प्रदीर्घ प्रयोगांनंतर. रुग्ण काही तासच जगला. या घटनेकडे 'अपयश' म्हणून पाहण्याची सवय अन्यायाची आहे. दात्याचं हृदय ज्या अवस्थेत घेता येतं, त्या मेंदूमृत्यूचे निकष मांडणारा हार्वर्डचा प्रसिद्ध अहवालच मुळी त्या वर्षीच्या ऑगस्टमधला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा भारतात झाला १९९४ साली. परकं हृदय शरीरानं नाकारू नये म्हणून लागणारं सायक्लोस्पोरिन प्रत्यक्ष वापरात रुळलं ते १९८०च्या दशकात. म्हणजे कायदा नाही, औषध नाही, उदाहरणं मोजून पाच, आणि तरीही तांत्रिकदृष्ट्या हृदय बसवून दाखवलेलं. कायदा झाला त्याच वर्षी, ३ ऑगस्टला, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. परळ आणि दिल्ली यांच्यातली ही सव्वीस वर्षं म्हणजे एखाद्या मराठी लेखकासाठी अख्खं पुस्तक आहे.

रात्रीच्या आयसीयूबद्दल दोन शब्द. शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र सर्जनची कमी आणि सिस्टरची जास्त असते. छातीतून काढलेल्या नळीत, म्हणजे ड्रेनमध्ये, दर तासाला किती रक्त आलं, लघवी किती झाली, रक्तदाब कुठे आहे, हे ती तक्त्यात लिहीत असते. ड्रेन अचानक कोरडा पडला की नवख्याला वाटतं, रक्तस्राव थांबला. अनुभवी सिस्टर त्याच क्षणी फोन उचलते. गुठळीनं नळी तुंबून हृदयाभोवती रक्त साठत असेल, तर रुग्णाला पुन्हा टेबलावर न्यावं लागतं आणि तेव्हा मिनिटंही महाग असतात. असे फोन कुणाच्या आत्मचरित्रात आले, तर "सुदैवानं वेळीच लक्षात आलं" एवढ्या वाक्यात आटोपतात. लक्षात कुणाच्या आलं, ते राहून जातं.

म्हणून वैद्यकीय विषयांवर मराठीत लिहिणाऱ्यांच्या या संमेलनापुढे एक सूचना आहे, तिचा विचार आजच्या खुल्या अधिवेशनात व्हावा. केईएमच्या त्या काळातल्या परिचारिका, तंत्रज्ञ, प्रयोगशाळेत कुत्र्यांची देखभाल करणारे कर्मचारी, रक्तपेढीतली माणसं यांच्यापैकी जे आज हयात आहेत, ते ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि सुरुवात यंदाच करावी. मुलाखत घेणाऱ्यानं सेन सर कसे होते हा प्रश्न जरूर विचारावा, पण तो शेवटी. आधी विचारावं की ड्यूटी किती वाजता लागली, पंपाच्या नळ्या पुन्हा वापरण्यासाठी कोण आणि कशा धुवायचं, रक्ताच्या बाटल्या कुठून आणल्या, आणि त्या रात्री घरी कसे गेलात.