गंजिफा कुणाचा, ते खेळाला विचारा

सावंतवाडीला जाऊन आलेल्या मंडळींच्या दिवाणखान्यात हल्ली एक काचेची चौकट दिसते. आत मखमलीवर बसवलेली गोल, रंगीत, लाखेनं चकचकणारी पानं. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह. पाहुण्यानं विचारलं की यजमान अभिमानानं सांगतात, ‘हा गंजिफा. आपला प्राचीन खेळ.’ त्यावर दुसरा पाहुणा म्हणतो, ‘प्राचीन कसला? मोगलांनी आणलेला.’ तिसरा अकबराचं नाव घेतो. वाद रंगतो, चहा निवतो. पण ‘हा खेळतात कसा?’ हे मात्र कुणीही विचारत नाही.

मला दहा मिनिटं दिली आहेत, म्हणून मुद्दा आधीच सांगून ठेवतो. खेळाचा उगम त्याच्या चित्रांत शोधू नका, नियमांत शोधा. चित्रं बदलता येतात. नियम सहसा कुणी बदलत नाही, कारण नियम बदलला की समोरचा खेळणारा भांडायला उठतो.

आता वादाचे पक्ष झटपट पाहू. पहिला पक्ष, खेळ फार प्राचीन आणि इथलाच. विल्यम चॅटो यांनी 1848 साली लंडनमध्ये पत्त्यांच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. त्यात गुंटूरच्या एका ब्राह्मणाची हकीकत आहे. त्यानं एका इंग्रज अधिकाऱ्याला गोल पानांचा जोड भेट दिला आणि तो हजार वर्षांचा असावा असं सांगितलं. पानं घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, म्हणून त्याची तशी श्रद्धा. चॅटोंना मात्र ती पानं तेवढी जुनी वाटली नाहीत. पुढे 1895 साली महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी बंगालमधल्या विष्णुपूरच्या गोल पानांवर टिपण लिहिलं. विष्णुपूरच्या मल्ल राजांच्या आश्रयानं तिथे दशावतारी पानांचा खेळ चालत आला आहे. तिथल्या अवतारांच्या क्रमात बुद्ध नेहमीच्या नवव्या जागी नाही. तो क्रम जुना मानून शास्त्रीजींनी हा खेळ हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा ठरवला. शास्त्रीजी फार मोठे विद्वान, त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. पण पाहा, हा पुरावा चित्रांच्या क्रमाचा आहे. देवांचा जुना क्रम नव्या खेळातही येऊ शकतो. आज कुणी नव्या कोऱ्या भांड्यावर यादवकालीन नक्षी काढली, म्हणून भांडं यादवकालीन होत नाही.

दुसरा पक्ष, खेळ मोगलांचा. याला लेखी आधार आहे. बाबरानं 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवला, कारण शाह हसनला या खेळाची आवड होती, आणि हे बाबरानं स्वतःच्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं आहे. नंतर अबुल फझलनं ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या डावाचं सविस्तर वर्णन केलं. बारा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण 144. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी त्या रंगांच्या राजांची नावं. त्याच ग्रंथात आठ रंगांच्या, 96 पानांच्या डावाचंही वर्णन आहे.

मग आठ रंगांचा डाव अकबरानं निर्माण केला का? तसं अनेक जण लिहितात, पण ते टिकत नाही. अहली शिराझी नावाचा इराणी कवी 1535च्या सुमारास वारला. त्यानं आठ रंगांच्या गंजिफ्यातल्या प्रत्येक पानावर एकेक रुबाई रचली होती. अकबराचा जन्म 1542चा. तेव्हा अकबर जन्मण्याआधीच इराणात आठ रंग खेळले जात होते.

तिसरा पक्ष आणखी मागे, इजिप्तपर्यंत जातो. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात 1931 साली एल. ए. मेयर या अभ्यासकाला इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातले हाताने रंगवलेले पत्ते आढळले. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग. प्रत्येकात दहा अंकी पानं, एक राजा आणि राजाचे दोन नायब. आणि त्यांतल्या एका पानावर ‘कंजिफा’ हा शब्द लिहिलेला आहे.

झाले तीन पक्ष. आता चित्रं बाजूला ठेवू आणि डाव मांडू.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. एकूण 120. खेळणारे तिघं, प्रत्येकाला चाळीस पानं. हुकूम नाही. आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथे आहे. दहांपैकी पाच अवतारांत राजा आणि प्रधानाच्या खाली दश्शी मोठी, मग नश्शी, अठ्ठी आणि शेवटी एक्का. उरलेल्या पाच अवतारांत बरोबर उलटं. तिथे प्रधानाखाली एक्का मोठा, मग दुर्री, तिर्री आणि दश्शी सर्वांत खाली.

आपल्या साध्या पत्त्यांत असं चालत नाही. हा विचित्र नियम आणखी कुठे आहे? मोगलांच्या आठ रंगांच्या डावात आहे. तिथे चार रंग सुलटे, चार उलटे. स्पेनमधल्या ऑम्बर या जुन्या खेळात आहे. इटलीतल्या टॅरोच्या खेळात आहे. तिथे पेले आणि नाणी या दोन रंगांत लहान अंक मोठे. आणि चीनमधल्या मादियाओ या खेळातही आहे. तिथे पैशांच्या रंगात क्रम उलटा फिरतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी 1980 साली टॅरोच्या खेळावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनीही चित्रांच्या गूढ अर्थांपेक्षा डाव कसा खेळतात याकडेच लक्ष दिलं. चीन, इराण, भारत, इटली, स्पेन. चित्रं सगळीकडे वेगळी, भाषा वेगळ्या, देव वेगळे. ही काही रंगांची उलटी उतरंड मात्र ठिकठिकाणी भेटते. इतकी आडवळणाची गोष्ट प्रत्येकाला आपापल्या अंगणात वेगवेगळी सुचली असेल, हे मला पटत नाही. या खेळांचं एकमेकांशी नातं आहे.

अजून एक नियम सांगतो. मोगल गंजिफ्यात दिवसा खेळायचं तर पहिली उतारी सुर्ख या रंगाची, म्हणजे सोन्याच्या नाण्याची, सूर्याची. रात्री खेळायचं तर सफेदची, म्हणजे चांदीच्या नाण्याची, चंद्राची. आता सावंतवाडीला या. दिवसा पहिली उतारी रामाची, रात्री कृष्णाची. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी!

श्रोतेहो, यावर घटकाभर थांबा. ज्या कुणी हा डाव दशावतारात बसवला, त्यानं नियम मोडला नाही. दिवसाच्या सूर्याच्या जागी सूर्यवंशातला राजा बसवला, रात्रीच्या चंद्राच्या जागी चंद्रवंशातला. केवढी सुंदर बुद्धी ही! नुसती चित्रं पाहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. राम दिसेल, कृष्ण दिसेल, पण राम दिवसा का आणि कृष्ण रात्री का, हे खेळल्याशिवाय उमगत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, नियमांना विचारा.

मग गंजिफा कुणाचा? घरात दही लावतात ते आठवा. दूध आपल्या गोठ्यातलं, भांडं आपलं, ऊबही आपल्याच स्वयंपाकघराची. पण विरजण? ते कधीतरी शेजारून वाटीभर आणलेलं असतं. शेजारीण म्हणेल, मी माहेरून आणलं. तिची आई म्हणेल, मी आत्याकडून. पहिलं विरजण कुणाच्या घरचं, याला उत्तर नाही. तरी पानात वाढलेलं दही शेजारणीचं आहे असं कुणी म्हणत नाही, आणि विरजण आमच्याच घरात उपजलं असं शहाणी गृहिणीही म्हणत नाही. गंजिफ्याचे नियम हे विरजण. ते घरोघर फिरत आलं. दशावतार हे आपलं दूध. चिंचोक्याची खळ, लाखेची झळाळी, चिताऱ्यांच्या बोटांचं कसब हे सगळं आपलं. दही आपलंच आहे. पण विरजणाची वाटी देणाऱ्या घराचं नाव घ्यायला लाज का वाटावी?

सावंतवाडीपुरतं बोलायचं तर तिसरे खेम सावंत 1755 ते 1803 या काळात गादीवर होते. तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी हा खेळ दरबारात आणला आणि स्थानिक चितारी पानं रंगवायला शिकले, अशी तिथली परंपरा आहे. म्हणजे सावंतवाडीनंही विरजण बाहेरूनच घेतलं, आणि तसं मोकळेपणानं सांगितलं. विसाव्या शतकात पत्ते छापखान्यातून स्वस्तात मिळू लागले आणि गंजिफा मागे पडला. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी 1971 साली राजवाड्यातच कारखाना उभा केला. चितारी फार थोडे उरले होते. राणीसाहेब स्वतः त्यांच्याकडून शिकल्या आणि नव्या मुलांना शिकवू लागल्या. मुंबईत राहिलेले रुडॉल्फ फॉन लायडन यांनी त्याच सुमारास देशभरातल्या गंजिफ्यांचा अभ्यास केला. 1982 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रदर्शनाच्या वेळी त्यांचं पुस्तक निघालं. दशावतारी डाव मोगल डावातून घडला, याच बाजूला त्यांचा कौल आहे.

कारागिरी वाचली, याचा आनंद आहे. पण माझी तक्रार तुमच्याशी आहे, पानं विकत घेणाऱ्यांशी. तुम्ही पेटी आणता आणि भिंतीवर टांगता. विरजण काही शोकेसमध्ये टिकत नाही. ते टिकवायचा एकच उपाय, रोज दही लावायचं. नियम खेळले नाहीत तर दोन पिढ्यांत विसरले जातात. मग उरतील फक्त चित्रं, आणि चित्रांवरून आपण पुन्हा तोच वाद घालू, पुराव्याशिवाय.

म्हणून उरलेल्या मिनिटात सांगतो ते लिहून घ्या. गंजिफा घरात नसेल तरी हा डाव आज रात्री मांडता येतो. साधा बावन्न पत्त्यांचा कॅट घ्या. चारही गुलाम काढून टाका. राहिली अठ्ठेचाळीस पानं. प्रत्येक रंगात राजा, प्रधानाच्या जागी राणी, आणि एक्का ते दश्शी. गंजिफ्यासारखीच बारा. तिघं बसा, सोळा-सोळा पानं वाटा. इस्पिक आणि किलवरमध्ये दश्शी मोठी, एक्का सर्वांत लहान. बदाम आणि चौकटमध्ये एक्का मोठा, दश्शी सर्वांत लहान. हुकूम नाही. उतारीच्या रंगातलं सर्वांत वरचं पान हात घेईल. दिवसा खेळलात तर ज्याच्याकडे बदामाचा राजा त्याची पहिली उतारी, रात्री इस्पिकचा राजा असेल त्याची. दोन वेगळ्या पाठीचे कॅट घेतलेत तर आठ रंग होतील, 96 पानं होतील, म्हणजे अहली शिराझीच्या डावाइतकी.

पहिल्या डावात सगळे चुकतील. चौकटची दश्शी टाकून हात मागतील आणि हसतील. तिसऱ्या डावापर्यंत उलटा क्रम हाताला बसेल, कोणती पानं पडली हे लक्षात राहू लागेल. मुलांना बरोबर घ्या, आजीआजोबांना घ्या. आणि मग कुणी तुम्हाला विचारलं, गंजिफा कुणाचा, तर वाद घालू नका. त्याला बसवा, सोळा पानं हातात द्या आणि सांगा, उतारी तुझी.