मडगांव आणि जांबावलीची वाट

(जांबावली येथे शिमगोत्सवात महाजनांपुढे केलेले भाषण)



श्रीदामोदराच्या चरणी मस्तक ठेवून बोलावयास उभा आहे. ‘आपले जुने मडगांव’ या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. वय ऐंशीच्या पुढे गेले की अशा आज्ञा होऊ लागतात.

मडगांवाविषयी बोलावयाचे ते जांबावलीस उभे राहून, यात काही विसंगती नाही. मठग्राम हे आपल्या गावाचे जुने नाव. १५४३ साली साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १५६० च्या दशकात तेथील देवळे पाडली गेली, आणि आपला देव सरहद्द ओलांडून कुशावतीच्या काठी या ठिकाणी आला. पुढे अठराव्या शतकात हाही मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी असत, ते त्यामुळेच. परंतु तोवर देवळे पाडण्याचा काळ सरला होता. देव येथेच राहिला. गाव एकीकडे आणि गावचा देव दुसरीकडे, अशी आपली स्थिती सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ आहे. मडगांवात दामबाबाची साल आहे, तिला हात जोडल्यावाचून कोणी शुभकार्याला निघत नाही. १८९२ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथेच होता. तरीही देवाचे घर म्हणून आपण बोट दाखवितो ते जांबावलीकडे.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९५० च्या आगेमागे, शिमग्याला जांबावलीस जाणे म्हणजे बिऱ्हाड हलविणे असे. गाद्यांच्या वळकट्या, तांब्याची भांडी, तांदूळ, नारळ, सोलांची बरणी, सर्व काही ‘कार्रेर’च्या टपावर चढे. पारोडा, केपें, तिळामळ अशी धूळ खात ती लाकडी बाकांची मोटार येथे पोहोचे, तोवर लहान मुलांची निम्मी भूक आणि सर्व झोप उडालेली असे. ज्यांच्याजवळ बैलगाडी होती ते आदल्या रात्रीच निघत. अग्रशाळेतील एका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहात आणि एका चुलीवर दोन घरांची आमटी शिजे. कोणाच्या आमटीत मीठ जास्त होते याची चर्चा पुढे वर्षभर पुरे.

गुलालाचा दिवस साऱ्या गोमंतकास ठाऊक आहे. मला मात्र आठवतात त्या रात्री. मडगांवचा दुकानदार, कारकून, शाळामास्तर येथे रंगमंचावर उभे राहात. दिवसा कापड मोजणारा गृहस्थ रात्री नऊवारी नेसून नायिकेची पदे म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी त्यास त्याच नावाने हाक मारली जाई. घरात कोंकणी बोलणारी आम्ही मुले मराठी शिकलो ती अर्धी शाळेत आणि अर्धी या नाटकांच्या तालमींत. येथे लग्ने ठरली. बांधाचे आणि विहिरीचे तंटेही येथेच मिटले, कारण एकाच पंगतीत चार दिवस समोरासमोर बसून तोंड फिरवून जेवणे कोणालाही जमत नाही.

आता मडगांवाकडे वळतो. १९५५ साली भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि आगगाडी थांबली. त्यापूर्वी कोंबावरची घड्याळे शिटीवर लावली जात. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. गाडी पुन्हा सुरू झाली, शाळा-महाविद्यालये निघाली, आणि आमच्या पिढीस बाहेर पडण्याची वाट मिळाली. १९९८ साली कोंकण रेल्वे आली, तेव्हा मुंबई एका रात्रीवर आली. हे सर्व चांगलेच झाले. जुन्या दिवसांचे गोडवे गाताना त्या काळचे अज्ञान, सोवळे-ओवळे आणि बायकांची चुलीपुढची हलाखी विसरणाऱ्यांपैकी मी नव्हे.

पण कोंबावर किंवा मालभाटात हिंडून पाहा. १९०५ सालची पालिकेची इमारत उभी आहे, हरिमंदिराची दिंडी आजही थाटात निघते. राजांगणाची घरे मात्र एकामागून एक बसत आहेत. त्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे. आपल्या नागरी कायद्याने सर्व मुलां-मुलींना समान वाटा मिळतो. तो न्याय्यच आहे. परंतु तीन पिढ्यांनंतर एका घराचे तीस-चाळीस वाटेकरी होतात, कोणी पुण्यास, कोणी लिस्बनला, कोणी आखातात. इन्व्हेंतारच्या कागदावर सर्वांच्या सह्या गोळा होईतो वासे कुजतात. मग बांधकाम-व्यावसायिक येतो, आणि तुळशीवृंदावनाच्या जागी मोटारी उभ्या राहतात. त्याला बोल लावून काय उपयोग? घर विकणारे आपणच.

म्हणून मला जांबावलीची काळजी वाटते. मडगांवाहून येथे येण्यास आज पाऊण तास लागतो. माणसे दुपारी येतात, गुलाल उधळतात, आणि दिवेलागणीस आपापल्या घरी असतात. आठवड्याचा मुक्काम तीन तासांवर आला. गावातली घरे गेली तरी वर्षातून काही दिवस गाव येथे भरत असे. मुक्काम संपला, तर भावकीस एकमेकांची तोंडे कोठे दिसावयाची? मयताच्या घरी?

अग्रशाळेच्या जुन्या खोल्यांचे काय करावे, हा प्रश्न आज गोव्यात देवस्थानोदेवस्थानी निघतो. लग्नाचे सभागृह करावे, उत्पन्न वाढेल, असे तरुण मंडळी म्हणतात. हिशेब खोटा नाही. तरी माझी विनंती अशी की काही खोल्या रात्रीच्या वस्तीसाठी राखाव्यात, त्यांत एक सामाईक चूल असावी, आणि शिमग्यात प्रत्येक कुटुंबाने निदान एक रात्र येथे काढावी. बाहेरगावच्या नातवंडांना त्या रात्री आणावे. नाटक पाहताना ती पेंगतील. आम्हीही पेंगत होतो.

माझी वळकटी काल संध्याकाळीच येथे येऊन पडली आहे. शेजारच्या खोलीत अजून दोघांची जागा आहे. कोणास यावयाचे असल्यास आरतीपूर्वी सांगावे, म्हणजे तांदूळ त्या मानाने घालता येतील.