कुरडई पांढरी, फोटो मळकट

उन्हाळ्यात आपल्या अंगणात कुरडया वाळतात त्या कशा शुभ्र असतात! पण गटाच्या मोबाइलवर फोटो काढला की त्याच राखेसारख्या दिसतात. शहरातलं गिऱ्हाईक माल हातात घेऊन बघत नाही, व्हॉट्सअॅपवरचा फोटो बघतं. मळकट दिसलं की जुना माल समजून भाव पाडतं. काळ्या मसाल्याचं नेमकं उलटं, तो फोटोत फिका पडतो.

मोबाइल स्वस्तातला आहे म्हणून असं होत नाही. कॅमेरा मुळात धरून चालतो, की समोरचं सगळं मध्यम उजेडाचं आहे, ना पांढरं ना काळं. म्हणून तो पांढऱ्याला दाबतो आणि काळ्याला उजळतो. त्याला आपणच सांगावं लागतं.

आम्ही असं करतो. पडद्यावर दिसणाऱ्या कुरडईवर बोट टेकवायचं. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचं चिन्ह येतं. ते सरकवून पांढऱ्या मालाला उजेड वाढवायचा, काळ्याला कमी करायचा. पण बेतानं! कुरडईची तार न् तार दिसेल इथवरच. त्यापुढे पांढरं जळून जातं, आणि जळलेली जागा मागाहून कशानंही परत येत नाही. किंचित गडद राहिलेला फोटो मात्र नंतर थोडाफार उजळता येतो.

भर दुपारच्या उन्हापेक्षा ओसरीतला, दाराशेजारचा उजेड बरा. तिथं पिवळा बल्ब लावू नका, अर्धा माल पिवळा दिसतो. लाल लुगडं नेसून अगदी जवळ उभं राहिलं तरी पांढऱ्यावर लालसर झाक येते. आणि आधी पदरानं भिंग पुसायचं, हे काय सांगायला हवं?

दिवेलागणीला उजेड कमी, म्हणून कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो. तेवढ्यात हात हलला की फोटो हलला. काही फोनमध्ये आयएसओ नावाचा आकडा वाढवून हा वेळ कमी करता येतो, पण आकडा फार वाढला की फोटो रवाळ होतो. त्यापेक्षा फोन डब्याला टेकवून ठेवा, 3 सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या.

काढलेला फोटो सावलीत बघा. उन्हात पडदा अंधूक दिसतो, आणि आपण उजेड उगाच वाढवत बसतो.