लेकरू पडलं तर : घरी थांबावं की दवाखान्यात न्यावं?

(विहाराच्या वर्धापनदिनी माता-पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बालसंगोपन हा विषय दिला. विषय मोठा आहे, म्हणून त्यातला एकच भाग आम्ही घेतो. तान्हं लेकरू बाजेवरून पडलं, डोक्याला टेंगूळ आलं, हाताला चटका बसला, तर दवाखान्यात न्यायचं की घरीच पाहायचं? प्रश्न साधा वाटतो. पण ज्या घरात दोघंही संत्र्याच्या बगीच्यात नाहीतर कपाशीच्या वावरात मजुरीला जातात, तिथे दवाखाना म्हणजे बुडालेली मजुरी आणि वरून ऑटोचं भाडं. सासू म्हणते, "काही नाही होत वं, पोट्टे पडूनच मोठे होतात." शेजारीण म्हणते, "आत्ताच्या आत्ता ने." दोघीही मायेपोटीच बोलतात, पण मधात आईचा जीव टांगणीला लागतो.

बहुतेक वेळा सासूचं म्हणणं खरं निघतं. ते कोणत्या वेळी खरं नसतं, तेवढं आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

आधी डोक्याचा मार घेऊ. लेकरू पडल्याबरोबर रडलं, दहा-पंधरा मिनिटांत शांत झालं, अंगावर प्यायलं, ओळखीच्या माणसाकडे पाहून हसलं, आणि टेंगूळ कपाळावरच असेल, तर घाबरू नये. फडक्यात गुंडाळून थंड पाण्याची पट्टी ठेवावी. टेंगूळ चोळू नये, त्यावर चुना लावू नये. मार लागल्यावर झोपूच देऊ नये असं आपल्याकडे म्हणतात. झोपेची वेळ असेल तर खुशाल झोपू द्यावं. मात्र पहिल्या रात्री दोन-तीन तासांनी हलवून पाहावं, लेकरू नेहमीसारखं कुरकुरून हात-पाय हलवतं की नाही. एक-दोन दिवस नजर ठेवावी.

पण पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर कोणाच्याही संमतीची वाट न पाहता निघावं. क्षणभर का होईना शुद्ध गेली. पुन्हा पुन्हा उलटी झाली. लेकरू गळून गेलं, उठवलं तरी नीट उठत नाही. झटका आला. नाकातून-कानातून रक्त किंवा पाणी आलं. शांत असतानाही टाळू फुगलेली दिसते. एक हात किंवा पाय हलवत नाही. रडणं थांबतच नाही, दूध तोंडात घेत नाही. टेंगूळ कपाळाऐवजी कानाच्या वर किंवा मागच्या बाजूला आहे आणि हाताला मऊ लागतं. तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून, जिन्यावरून किंवा गाडीवरून पडलं. आणि लेकरू तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर डोक्याचा कोणताही मार डॉक्टरला दाखवावाच. त्या वयात लेकराच्या वागण्यावरून आपल्याला फारसं कळत नाही.

भाजलं तर पहिलं औषध पाणी. भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरावा, बाकी अंग मात्र गरम ठेवावं. टूथपेस्ट, तूप, शाई, काही लावू नये. तान्ह्या बाळाला फोड आला, किंवा तोंड, हात, पाय, शीची-शूची जागा भाजली, तर दवाखाना. कापलं तर स्वच्छ फडक्याने सलग दहा मिनिटं दाबून धरावं. मधे मधे उचलून पाहू नये. तरीही रक्त थांबलं नाही किंवा जखमेचं तोंड उघडं राहिलं, तर टाके लागतील. सोबत लसीचं कार्ड घ्यावं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीत धनुर्वाताची लस असते. ती झाली की नाही हे डॉक्टर विचारतातच.

काही जखमा दिसायला लहान, पण असतात मोठ्या. कुत्र्याचा, मांजरीचा, माकडाचा नुसता ओरखडा असला तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी लस घ्यायला जावं. विंचवाची तर नुसती बारीक टोचणी दिसते. पण लेकराला घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यावर हे मृत्यू पुष्कळ कमी झाले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण लेकरू वेळेत दवाखान्यात पोहोचलं तरच औषध कामाचं. उतारा टाकण्यात गेलेला तास परत येत नाही.

आता थोडं कडू बोलतो. आपल्या गावाच्या उत्तरेला मेळघाट. तिथे लेकराचं पोट फुगलं की तापवलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावी 22 दिवसांच्या बाळाला असे 65 चटके दिल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. आजार एक होता, त्यावर आपल्याच हाताने जखमा केल्या. कोरकू बांधवांना नावं ठेवायला आम्ही हे सांगत नाही. दवाखाना दूर, रस्ता नाही, म्हणून जवळचा माणूस देव वाटतो. पण अंजनगावात ग्रामीण रुग्णालय असताना आपल्याकडेही मुरगळलेला हात ओढून "बसवणारे" आहेत, दृष्ट काढून रात्र घालवणारे आहेतच. परंपरेने चालत आलं म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आपण विहारात ऐकतो. ती लेकराच्या पाळण्याजवळही लागू आहे.

शेवटी तीन गोष्टी. एक, रात्री गाडी नसेल तर 108 फिरवा. दोन, शंका असेल तर आधी आशाताईला विचारा. बाळ 42 दिवसांचं होईपर्यंत त्या ठरल्या दिवशी घरी येतातच, पुढेही त्या आपल्याच वस्तीत आहेत. तीन, आणि ही घरातल्या पुरुषांसाठी. लेकरू पडलं की "तुझं लक्ष कुठं होतं?" हा पहिला प्रश्न आईला विचारू नका. त्या धाकाने आई पडल्याचं लपवते, आणि डॉक्टरला नेमकं तेच माहीत होत नाही. किती उंचीवरून, कशावर, किती वाजता, एवढं खरं सांगता आलं तर अर्धा उपचार तिथेच झाला. दाखवलं आणि काही निघालं नाही, तर एक मजुरी गेली. ती पुढच्या आठवड्यात भरून निघते.