छापा रोमचा, काटा गावाचा



रोमन नाणी म्हटली की आपल्याला आठवतात ती दक्षिण भारतात सापडलेली ऑगस्टस आणि टायबेरियस यांची सोन्याचांदीची नाणी. व्यापारामुळे ती समुद्र ओलांडून इकडे आली. आज मी बोलणार आहे ते त्यांच्या गरीब भावंडांविषयी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन प्रांतांतल्या नाण्यांचा मोठा संग्रह आहे. ही नाणी बहुतेक तांब्या-काशाची आणि आपल्याच मुलखातल्या बाजारात झिजलेली.

पूर्वेकडच्या प्रांतांत शेकडो शहरं स्वतःची नाणी पाडत. छाप्यावर सहसा सम्राटाचा चेहरा. काट्यावर मात्र गावाचं दैवत, देऊळ, नदी, आणि लेख बहुधा ग्रीक भाषेत. राज्य रोमचं, पण गाव आमचं, असाच हा मामला.

एफिससच्या नाण्यांवर आर्टेमिस देवीचं जगप्रसिद्ध देऊळ दिसतं. ब्रिटिश म्युझियमसाठी उत्खनन करणाऱ्या जॉन टर्टल वुड यांना १८६९ मध्ये या देवळाची जागा सापडली, तेव्हा हाती आले ते पाया आणि भग्न अवशेष. दर्शनी भागाच्या वरच्या त्रिकोणात खिडक्या होत्या, हे आपल्याला सांगतात ती नाणी. फ्रिजियातल्या अपामिया शहराला ‘किबोतोस’, म्हणजे पेटी, असंही नाव होतं. ग्रीक बायबलात नोहाच्या तारवालाही हाच शब्द आहे. मग इसवी सन २०० च्या सुमारास या शहराने पेटीत बसलेलं जोडपं नाण्यावर आणलं आणि पेटीवर चक्क नोहाचं नाव कोरलं!

पण छाप्याची सत्ता विसरून चालत नसे. २११ मध्ये सम्राट कॅराकॅलाने आपला भाऊ गेटा याचा खून करवला आणि त्याची आठवणही पुसण्याचा हुकूम सुटला. स्ट्रॅटोनिकेया शहराच्या नाण्यांवर हे दोघे भाऊ समोरासमोर होते. त्यांतल्या कितीतरी नाण्यांवरचा गेटाचा चेहरा छिन्नीने तासलेला आहे. रोमच्या राजवाड्यातला खून असा दूरच्या बाजारातल्या सुट्ट्या पैशांपर्यंत पोचला.

पुढे चांदीच्या नाण्यांतली चांदीच आटत गेली, तांब्याच्या सुट्ट्या पैशाला अर्थ उरला नाही आणि तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांच्या टांकसाळी बंद पडल्या.

अभ्यासकांनीही या नाण्यांना बराच काळ परक्या घरात ठेवलं. ब्रिटिश म्युझियमने १८७३ पासून काढलेल्या ग्रीक नाण्यांच्या सूचीत त्यांना जागा मिळाली. १९२३ मध्ये सुरू झालेली साम्राज्याच्या नाण्यांची सूची मात्र वेगळी राहिली. अँड्र्यू बर्नेट, मिशेल अमाँद्री आणि पेरे पाऊ रिपोयेस यांच्या प्रांतीय नाण्यांवरील ग्रंथमालेचा पहिला खंड १९९२ मध्ये निघाला, तेव्हा कुठे त्यांना हक्काचं घर लाभलं.

मला यात न्याय दिसतो. नुसता छापा पाहिला तर ही नाणी रोमन, नुसता काटा पाहिला तर ग्रीक. ज्यांच्या हातांत ती झिजली, त्या माणसांना मात्र दोन्ही बाजू सांभाळूनच जगावं लागलं. संग्रहालयात असं नाणं दिसलं, तर सम्राटाला ओळखून पुढे जाऊ नका. काट्यावर कोणतं गाव आहे, तेही जरूर पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)